विंडोजमधील कूटबद्ध फायली आणि त्यांच्या किल्ल्या

बिघडलेला संगणक फॉरमॅट करून त्यात विंडोज नव्याने टाकण्याचा उपाय विसाव्या शतकाच्या अखेरीस सर्रास रूढ झाला होता, आणि महत्त्वाच्या फायली हार्ड डिस्कच्या दुसऱ्या पार्टिशनमध्ये, म्हणजे स्वतंत्र विभागात ठेवल्या की त्यांना धक्का लागत नाही, हा अनुभव त्यामागे होता. फेब्रुवारी २००० मध्ये आलेल्या विंडोज २००० मधील ‘एन्क्रिप्टिंग फाईल सिस्टिम’ ऊर्फ ईएफएस या सोयीमुळे मात्र तो अनुभव अपुरा ठरला.

ही सोय आवश्यक होती, याबद्दल शंका नाही. एनटीएफएस या फाईल-व्यवस्थेत कोणती फाईल कोणी उघडावी याचे नियम ठरवता येत असले, तरी ते नियम पाळून घेणारी विंडोज स्वतः चालू असेल तरच त्यांना अर्थ होता. मार्क रुसिनोविच आणि ब्राइस कॉगस्वेल यांच्या ‘एनटीएफएसडॉस’ या साधनाने १९९६ मध्येच दाखवून दिले होते, की डॉसच्या फ्लॉपीवरून संगणक सुरू केल्यास ते नियम निरुपयोगी ठरतात. त्यामुळे मजकूरच कूटबद्ध करणे, म्हणजे किल्लीवाचून वाचता येणार नाही अशा रूपात साठवणे, भाग पडले.

ईएफएसमध्ये प्रत्येक फाईलला स्वतंत्र किल्ली असते. ती वापरकर्त्याच्या सार्वजनिक किल्लीने बंद करून फाईलसोबतच ठेवली जाते, आणि ती उघडणारी खासगी किल्ली वापरकर्त्याच्या प्रोफाईलमध्ये, पासवर्डवर आधारलेल्या संरक्षणाखाली राहते. हे प्रोफाईल सामान्यतः विंडोजच्याच पार्टिशनमध्ये असल्याने फॉरमॅटमध्ये ते पुसले जाई आणि फायली तेवढ्या मागे उरत. नव्या विंडोजमध्ये तेच नाव व तोच पासवर्ड देऊन खाते उघडले, तरी त्याला नवा सुरक्षा-ओळखक्रमांक आणि नव्या किल्ल्या मिळत. परिणामी विंडोज एक्सपी या पुढच्या आवृत्तीत हिरव्या अक्षरांत फाईलचे नाव दिसे, आकारही दिसे, परंतु उघडू पाहताच प्रवेश नाकारला जाई.

विंडोज २००० मध्ये एकट्या संगणकावरचा ॲडमिनिस्ट्रेटर हा आपोआप ‘रिकव्हरी एजंट’, म्हणजे इतरांच्या कूटबद्ध फायली उघडण्याचा अधिकार असलेला, मानला जाई. मात्र त्याचीही किल्ली त्याच संगणकात असल्याने पुनर्स्थापनेनंतर त्याचा उपयोग उरत नसे. २००१ च्या एक्सपीने एकट्या संगणकावरची ही आपोआप नेमणूकच रद्द केली. ॲडमिनिस्ट्रेटरचे खाते हाती लागलेल्या चोराचा विचार करता हा निर्णय योग्य होता, पण सर्व भार ज्याच्यावर आला त्या सामान्य वापरकर्त्याला किल्लीची प्रत काढण्याची ठळक सूचना न देणे ही गंभीर उणीव होती.

पुनर्प्राप्तीचे मार्ग मोजकेच उरले. .पीएफएक्स स्वरूपात जपलेली, खासगी किल्लीसह प्रमाणपत्राची प्रत असेल तर काम मिनिटांत होई. नसेल तर जुन्या प्रोफाईलमधील ‘क्रिप्टो’ आणि ‘प्रोटेक्ट’ या फोल्डरांचे अवशेष शोधावे लागत, आणि ते सापडूनही जुना पासवर्ड आठवणे आवश्यक असे. एल्कॉमसॉफ्टसारख्या कंपन्यांची साधने पुसलेल्या किल्ल्यांसाठी डिस्कचा प्रत्येक सेक्टर धुंडाळत, मात्र त्या जागी नव्या विंडोजच्या फायली लिहिल्या गेल्या असतील तर त्यांचाही इलाज चालत नसे. ‘किल्लीचा बॅकअप घ्या’ ही आठवण एक्सपीनंतरची विंडोज व्हिस्टा आपणहून देऊ लागली. त्याच आवृत्तीत संपूर्ण विभाग कूटबद्ध करणारे बिटलॉकर आले, आणि त्याची ४८ अंकी पुनर्प्राप्ती-किल्ली संगणकाबाहेर जपण्याची पायरी ते सुरू करतानाच पार पाडावी लागू लागली.