गाड्यांनी वसवलेलं गाव

अमेरिकेच्या रॉकी पर्वतातल्या एस्टेस पार्क गावाला रेल्वे कधीच पोचली नाही. रूळ लायन्स, लव्हलँड अशा पायथ्याच्या गावांत थांबले आणि पुढची वीस-तीस मैलांची चढण घोडागाडीवाल्यांच्या हवाली राहिली. माझी सगळी नोकरी एसटीच्या कार्यशाळेत गेली. त्यामुळे डोंगरातल्या कुठल्याही गावाचा विषय निघाला की मी आधी विचारतो, तिथे गाडी कुठली जायची आणि चढ किती. एस्टेस पार्कचा इतिहास या दोन प्रश्नांतच बराचसा उलगडतो.

गाव साडेसात हजार फुटांवर, म्हणजे कळसूबाईच्या माथ्याहून दोन हजार फूट वर आहे. यूट आणि अरापाहो लोकांच्या पायवाटा इथून जात. १८६० च्या सुमारास जोएल एस्टेस गुरं घेऊन इथे राहायला आला आणि सहा वर्षांत थंडीला कंटाळून निघूनही गेला. नाव तेवढं मागे राहिलं. मग १८७२ मध्ये शिकारीला आला डनरेव्हनचा अर्ल. या आयरिश उमरावाला हे अख्खं खोरं स्वतःच्या शिकारीसाठी हवं होतं. वसाहत कायद्याने माणशी १६० एकर मिळत. याच्या हस्तकांनी खऱ्या-खोट्या नावांनी अर्ज भरून हजारो एकर गोळा केले. बेनामी जमिनीचा हा प्रकार आपल्याकडच्या तलाठ्याला समजावून सांगायची गरज नाही.

गावाचं नशीब बदललं ते फ्रीलन ऑस्कर स्टॅन्लीमुळे. जुळ्या भावाबरोबर वाफेच्या मोटारी बनवणारा हा गृहस्थ १९०३ मध्ये क्षयाने खंगून कोलोरॅडोत आला आणि लायन्सहून स्वतःची वाफेची गाडी हाकत वर चढला. ज्या वाटेवर घोडी धापा टाकायची तिथे ही गाडी कशी चढली असेल, हे मला पटकन कळलं. स्टॅन्लीच्या गाडीला गिअरबॉक्सच नसे. इंजिन थेट मागच्या आसाला जोडलेलं, वाफेचा पूर्ण जोर उभ्या गाडीतही मिळणार. क्लच घासत नाही, गिअर अडकत नाही. खोट एकच, ती म्हणजे पाणी. वापरलेली वाफ हवेत सोडून दिली जाई, म्हणून टाकी वारंवार भरावी लागे. डोंगरात ओढे होते, भागलं.

हवा मानवली, तब्येत सुधारली, आणि स्टॅन्लीने डनरेव्हनच्या जमिनीतला वाटा विकत घेऊन १९०९ मध्ये तिथे हॉटेल उघडलं. स्टीफन किंगला भुताच्या कादंबरीची कल्पना सुचली ते हेच हॉटेल. पर्यटक तेवढ्यासाठी फोटो काढतात. माझ्या मते खरी नवलाई हॉटेलात नाही, पाहुणे आणण्यासाठी त्याने बांधलेल्या वाफेच्या बारा आसनी मोटारींत आहे. स्टेशनवर उतरा, बाकावर बसा, वर या. रस्ता सुधारायलाही त्याने पैसे घातले. आधी गाडी, मग रस्ता, मग हॉटेल. ही क्रमवारी मला पसंत आहे.

१९१५ मध्ये गावाशेजारच्या डोंगरांचं राष्ट्रीय उद्यान झालं. त्यासाठी वर्षानुवर्षं लेख लिहीत, व्याख्यानं देत फिरलेला माणूस म्हणजे ईनॉस मिल्स. लाँग्ज पीक शिखराच्या पायथ्याशी त्याचं छोटं हॉटेल होतं. आणि उद्यानाच्या कारभाराशी पहिलं मोठं भांडणही त्याचंच झालं, तेही भाडोत्री गाडीवरून. १९१९ मध्ये राष्ट्रीय उद्यान सेवेने उद्यानात प्रवासी नेण्याचा एकाधिकार रो एमरीच्या कंपनीला दिला. स्वतःची मोटार असेल तर खुशाल आत जा; पण भाडं घेऊन माणसं न्यायची तर फक्त एमरीने, त्याच्या उघड्या टपाच्या, व्हाइट कंपनीच्या गाड्यांतून. मिल्सने मुद्दाम प्रवासी बसवून आपली गाडी आत पाठवली आणि तो कोर्टात गेला. पुढे कोलोरॅडो राज्यानेही या रस्त्यांवर आपला हक्क सांगितला आणि १९२५ मध्ये वाद अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. तोवर मिल्स वारला होता. १९२९ मध्ये राज्याने हक्क सोडला.

या भांडणात मिल्सची बाजू घ्यायची असा इथल्या लोकांचा कल दिसतो. मला ते जड जातं. १९४८ मध्ये पुणे-नगर मार्गावर पहिली एसटी सुटली, तेव्हा खासगी मोटारवालेही असेच चिडले होते. एकाधिकार असला की तोट्याच्या गावालाही गाडी जाते, हे मी उभ्या आयुष्यात पाहिलंय. पण एमरीला तोट्याचं गाव नव्हतंच. त्याच्याकडे होते डेन्व्हरहून निघून डोंगराला वळसा घालणारे सहलीचे प्रवासी. तेव्हा मिल्स अगदीच चुकला असंही म्हणवत नाही.

एमरीच्या धंद्यावर गदा आली ती न्यायालयामुळे नाही, घरोघरी झालेल्या मोटारींमुळे. लोक तंबू घेऊन येऊ लागले, मागे ट्रेलर ओढू लागले. १९६० च्या दशकात इंजिनासकट चाकांवरचं घरच आलं. आयोवातल्या विनेबेगो कंपनीने १९६६ पासून ती मोटरहोम कारखान्यात रांगेने तयार करून स्वस्त केली. विकत घेऊन वर्षभर दारात उभी ठेवण्यापेक्षा आठवड्यापुरती भाड्याने घ्यावी, हा हिशोब लोकांना लवकर पटला. क्रूझ अमेरिका ही भाड्याच्या धंद्यातली मोठी कंपनी १९७२ ची.

एस्टेस पार्कच्या सहलीसाठी आम्हीही असंच घर भाड्याने घेतलं, ते अठ्ठावीस फुटी. मुलगी-जावई डेन्व्हरला असतात, हौस त्यांची. ताबा देताना तिथल्या मुलाने जनरेटरचा मीटर वाचून करारावर आकडा लिहिला, कारण तासाला पैसे. मग मागे नेऊन झाकण उघडलं. दोन खटके होते, एक संडासाच्या टाकीचा, एक मोरीच्या. आधी संडासाची टाकी सोडायची, मग मोरीची, म्हणजे साबणाच्या पाण्याने नळी धुऊन निघते. जावई हातमोजे बघून जरा पांढरा पडला. मी म्हटलं, राहू दे, हे खातं माझ्याकडे. रचना साधी आहे आणि डोक्याने केलेली आहे.

मुक्काम उद्यानातल्या ग्लेशियर बेसिन या छावणीच्या तळावर होता. इथली आखणी बघताना मला एका माणसाची आठवण ठेवावीशी वाटते, ज्याला पर्यटक ओळखत नाहीत. एमिलियो माइनेके हा अमेरिकी कृषी खात्यात झाडांच्या रोगांचा तज्ज्ञ होता. १९२० च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या रेडवुडची झाडं त्याला तपासायला दिली. त्याचं निदान असं, की झाडाला कीड नव्हे, पर्यटक लागलाय. मोटारी वाटेल तिथे घुसतात, माती दाबली जाते, मुळं गुदमरतात. १९३२ मध्ये त्याने छावणीच्या तळाची पद्धत ठरवून दिली. एकेरी वळसा घेणारा रस्ता, त्याला तिरकी फुटलेली गाडीपुरती खाच, बाजूला मोठे दगड, टेबल आणि चूल एका जागी रोवलेली. गाडीवाल्याला कुणी अडवलंय असं वाटू नये, पण दगडाबाहेर चाक जाऊ नये. तीन वर्षांनी ट्रेलर वाढलेले पाहून त्याने आणखी एक टिपण लिहिलं, त्यात ट्रेलर हे संकटच ठरवलं होतं. मोटरहोमच्या जाहिरातीतली 'वाटेल तिथे मुक्काम' ही मोकळीक प्रत्यक्षात त्याच्या खाचेत मागे घेत घेत बसवावी लागते. मी मागे उभा राहून कंडक्टरसारखा हात दाखवत होतो. एवढं करून ग्लेशियर बेसिनमध्ये सावली बेताचीच. पाइनला भुंगेऱ्याने पोखरलं आणि बरीच झाडं तोडावी लागली.

दुसऱ्या दिवशी ट्रेल रिज रस्ता. त्याचं काम १९२९ मध्ये सुरू झालं, १९३२ मध्ये घाटमाथ्यापर्यंत वाहतूक सुरू झाली. त्याआधीचा फॉल रिव्हर रस्ता १९२० चा; त्यावर शंभर फुटांत सोळा फुटांपर्यंत चढ आणि आवळलेली वळणं. नव्या रस्त्यावर चढ शंभरात सातच्या वर जाऊ दिला नाही, आणि तरीही तो १२,१८३ फुटांवर पोचतो. आखणी करणाऱ्याला नमस्कार. उतरताना जावयाला मी दोनदा सांगितलं, ब्रेकवर पाय ठेवून बसू नकोस, खालच्या गिअरमध्ये सोड. वाटेत काही मोटारींच्या चाकांना जळका वास येत होता. जुन्या फॉल रिव्हर रस्त्यावर आता फक्त वर जाता येतं, आणि पंचवीस फुटांहून लांब गाडीला मनाई आहे, म्हणजे आम्हाला नाहीच.

उद्यानातल्या बेअर लेक या तळ्यालाही हे धूड नेण्यात अर्थ नव्हता. तिथे साध्या मोटारींनाच जागा मिळत नाही. गर्दी इतकी वाढली की २०२० पासून हंगामात उद्यानात शिरायची वेळ आधी राखून ठेवावी लागते. ग्लेशियर बेसिनच्या समोरच मोठा वाहनतळ आहे, तिथून उद्यानाची बस सुटते, वेगळं तिकीट नाही. आम्ही भाड्याचं घर खाचेत उभं करून रांगेत लागलो. मुलगी म्हणाली, "बाबा, एवढे पैसे भरून शेवटी तुमच्या एसटीतच बसलो." चालकाच्या मागची जागा मोकळी होती, ती मी पकडली.