खवल्यावरची सही

कोकणात मे महिना सरत आला की होड्या वर ओढून झावळ्यांनी झाकतात. पुढचे दोन महिने दर्या त्याच्या मर्जीवर सोडायचा. अमेरिकेतल्या फ्लोरिडात मात्र नेमक्या याच दिवसांत गळाच्या काठ्या बाहेर निघतात. मे ते जुलै हा तिथे टार्पनचा हंगाम.

टार्पन म्हणजे माणसाच्या उंचीचा, चांदीसारखा मासा. वजन चाळीस-पन्नास किलो सहज. अधूनमधून पाण्यावर येऊन तो चक्क हवेचा घोट घेतो. याचा धाकटा चुलतभाऊ आपल्या खाड्यांतही आहे, पण तो हातभर. टार्पनला काटे फार. असला मासा आमची अम्मी लहानांच्या ताटात वाढत नसे. फ्लोरिडातही तो सहसा कुणी खात नाही. मग तो धरायचा कशाला?

याचे उत्तर शोधायला पुन्टा रासा या छोट्या बंदरात जावे लागते. इथून क्यूबाला गुरे जात आणि हवानाकडची समुद्राखालची तार इथे किनाऱ्याला लागे. जॉर्ज शुल्ट्झ नावाचे तारबाबू जुन्या लष्करी बराकीत राहत आणि आल्यागेल्याला खाट नि जेवण देत. तोवर टार्पन मारायचा तो भाल्याने. त्याचा जबडा हाडासारखा, गळ रुतत नाही; रुतलाच तर मासा पुरुषभर उंच उडी मारून तो झटकून टाकतो. मार्च १८८५मध्ये डब्ल्यू. एच. वुड या पाहुण्याने काठी आणि रिळावर ९३ पौंडांचा टार्पन ओढून आणला. बातमी पसरली आणि धनिकांची रीघ लागली. तारबाबूंच्या बराकीचे 'टार्पन हाउस' झाले.

पुढे जवळच्या बोका ग्रांदे खिंडीचे नाव झाले. उन्हाळ्यात अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणात ओहोटीचा लोंढा उपसागरातले खेकडे समुद्राकडे वाहून नेतो आणि त्यांच्यासाठी टार्पनचे थवे तोंड उघडून थांबतात. चंद्र पाहून दिवस ठरवायचा, हे आपल्या कोळ्यांना नवे नाही.

टेक्सासमधल्या पोर्ट अरान्सासचे नावच काही वर्षे 'टार्पन' होते. तिथल्या टार्पन इनच्या भिंतींवर हजारो खवले लावलेले आहेत. एकेक खवला तळहाताएवढा, त्यावर पकडणाऱ्याची सही आणि तारीख. मे १९३७मध्ये राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट इथे गळ टाकून बसले. त्यांच्या सहीचा खवलाही तिथे आहे. सहीची हौस आम्हा कवींनाही कमी नाही, पण आमच्या सहीपायी फार तर कागद वाया जातो.

विसाव्या शतकाच्या मध्यानंतर त्या किनाऱ्यावरचे टार्पन जवळजवळ दिसेनासे झाले. नद्यांवरची धरणे, बेसुमार मासेमारी अशी कारणे सांगतात. हा मासा वयात यायलाच दहाएक वर्षे घेतो. रूझवेल्टांच्या त्या सहीआधी दोन वर्षे, १९३५ साली, शिकागोच्या शेड मत्स्यालयात एक टार्पन आणला गेला. तो १९९८पर्यंत जगला. भिंतीवरच्या किती खवल्यांच्या धन्यांचे असे आयुष्य शिल्लक राहिले असेल, हा हिशेब माझ्या मनातून जात नाही.

फ्लोरिडाने आधी, १९८९पासून, टार्पन ठेवून घ्यायचा तर पन्नास डॉलरचा बिल्ला लावला. नुसत्या फोटोसाठी मासा मारणारे त्यानेच बरेचसे थांबले. २०१३ साली नियम आणखी कडक झाला. आता विक्रमासाठी काढलेला खास बिल्ला सोडला तर टार्पन धरायचा आणि सोडायचा. चाळीस इंचांहून मोठा असेल तर पाण्याबाहेरही उचलायचा नाही. तासभर झुंजून दमलेला मासा होडीच्या कडेला पाण्यातच धरून ठेवतात. त्याचे कल्ले नीट हलू लागले, शेपटीत जोर आला, की हात सैल करतात.