तात्पुरत्या जमिनीचा इतिहास

दिंडोरी तालुक्यातील जानोरीच्या शिवाराला लागून आज प्रवासी विमाने उतरतात. ओझरच्या या विमानतळाची पूर्वपीठिका सर्वपरिचित आहे. १९६४ साली ओझरला मिग विमानांचा कारखाना स्थापन झाला. कारखान्याला दप्तर असते, म्हणून त्याचा इतिहास लिहिता येतो. दुसऱ्या महायुद्धातील एका प्रकारच्या विमानभूमीला मात्र हे भाग्य क्वचितच लाभले.

तिला ‘रिलीफ लँडिंग ग्राउंड’ म्हणत. शिकाऊ वैमानिकाला दिवसभर उड्डाण आणि अवतरण घोटावे लागे. त्यामुळे मुख्य तळावर गर्दी होई. मग काही मैलांवरचे सपाट रान घ्यायचे, आडवी येणारी कुंपणे काढायची, वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी उभारायची, की काम भागले. टायगर मॉथसारख्या हलक्या विमानाला गवतही पुरे. हिंदुस्थानात वैमानिकांचे प्राथमिक शिक्षण बेगमपेठ व जोधपूरला आणि पुढचे अंबाल्याला होई. ब्रिटनमधील अशी कितीतरी मैदाने युद्धानंतर पुन्हा नांगराखाली गेली. या नावातला ‘रिलीफ’, म्हणजे दिलासा, मुख्य तळाला होता. रानाच्या मालकाचा त्यात उल्लेख नाही.

महाराष्ट्रात हा प्रश्न नेवाळीने विचारला. कल्याणजवळची ही धावपट्टी निराळ्या प्रकारची, पण तीही महायुद्धाचीच. जमिनी युद्धापुरत्या घेतल्या होत्या, त्या परत मिळाव्यात, असे शेतकऱ्यांचे म्हणणे. जमीन संरक्षण खात्याची आहे, असे नौदलाचे. २०१७ च्या जूनमध्ये तेथे कुंपणाची भिंत उभी राहू लागली, तेव्हा आंदोलनाचा भडका उडाला. वाहने जळली, पोलिसांनी छर्‍यांच्या बंदुका चालवल्या. युद्ध संपून सात दशके लोटली होती.

मराठीत महायुद्धाचा विषय निघाला, की आपण विश्राम बेडेकरांच्या ‘रणांगण’ (१९३९) कादंबरीकडे आणि मर्ढेकरांच्या ‘काही कविता’ (१९४७) या संग्रहाकडे वळतो, ते योग्यच. पण त्यांतले युद्ध बोटीवर आणि महानगरात भेटते. शिवारातले युद्ध वाचायचे तर फेरफाराच्या नोंदवह्या उघडाव्या लागतील. तिथे कोणाचे नाव कमी झाले, कोणाचे चढले आणि घेणाऱ्याने मुदत कोणत्या शब्दांत सांगितली, हे पाहणे साहित्याच्या अभ्यासकाचेही काम आहे, असे आम्हांस वाटते. शब्दांचा अर्थ काळाबरोबर कसा बदलतो, हे शिकवताना ‘तात्पुरते’ या शब्दाहून बोलके उदाहरण आम्हांस दिसत नाही.