वेरूळचा सूर्य आणि पुण्याचे कुंड



वेरूळ आपण पाहिले असेलच. छत्रपती संभाजीनगरहून सहल निघते, मुले कैलास लेण्यातले हत्ती पाहतात, डबे सोडतात आणि माघारी फिरतात. पण थोडे पुढे चालून पंचविसाव्या लेण्यात शिरा. लोक त्याला कुंभारवाडा म्हणतात. गाभाऱ्यापुढच्या छताकडे मान वर करून पाहा. सात घोड्यांच्या रथात बसून सूर्य निघाला आहे. दोन्ही अंगांना बाण सोडणाऱ्या स्त्रिया आहेत. अंधाराला पळवून लावायचे काम त्यांचे.

पुष्कळदा वर्गात आपण सांगून जातो, की सात घोडे म्हणजे उन्हाचे सात रंग. ऐकायला गोड वाटते, पण तसे नाही बरे का. सूर्याचे सात घोडे ऋग्वेदापासून चालत आलेले आहेत. लोलकातून ऊन सोडून त्यातले रंग वेगळे करण्याचा प्रयोग न्यूटनने १६७२ साली जगापुढे मांडला. एकाची गोष्ट दुसऱ्याच्या नावावर लावली, तर कवीचाही मान राहत नाही आणि शास्त्रज्ञाचाही.

मग वेरूळचा कारागीर अडाणी होता काय? मुळीच नाही. सूर्य फिरत नसून पृथ्वीच स्वतःभोवती फिरते, हे आर्यभटाने इ. स. ४९९ मध्ये लिहून ठेवले होते. नावेत बसलेल्याला काठावरची झाडे मागे पळताना दिसतात ना, तसेच तारे आपल्याला पश्चिमेकडे जाताना दिसतात, असा त्याचा दाखला. हे लेणे त्यानंतरचे. पण आर्यभटाचे म्हणणे ब्रह्मगुप्तासारख्या थोर गणितज्ञालाही पटले नव्हते. मग छिन्नी धरणाऱ्याला दोष कसा द्यावा? गणित एका वाटेने चालले होते, कला दुसऱ्या वाटेने.

या दोन वाटा आपल्या काळात एकत्र आल्या. १८ मार्च १९६५ रोजी रशियाचा अलेक्सी लिओनोव्ह यानाबाहेर पडून अंतराळात तरंगला. असे करणारा तो पहिला माणूस. सुमारे बारा मिनिटे तो बाहेर होता. आत परतल्यावर त्याने रंगीत पेन्सिली काढल्या. त्या तरंगत जाऊ नयेत म्हणून दोऱ्याने बांधलेल्या होत्या! त्याने कागदावर उतरवला तो सूर्योदय. घोडे नाहीत, रथ नाही. पृथ्वीच्या वाकलेल्या कडेवर रंगांचे पट्टे आणि वर काळेभोर आकाश. जे डोळ्यांनी दिसले, तेच त्याने काढले.

आता आपल्या महाराष्ट्रात या. पुण्याच्या विद्यापीठाच्या आवारात १९८८ साली ‘आयुका’ ही खगोलशास्त्राची संस्था स्थापन झाली. तिचे पहिले संचालक डॉ. जयंत नारळीकर आणि वास्तू रचणारे चार्ल्स कोरिया. कोरियांनी भिंतींना आपल्याकडचाच काळा पाषाण वापरला. वेरूळ ज्यात कोरले, तोच हा दख्खनचा दगड. मधोमध पायऱ्यांचे कुंड केले. वेरूळच्या शिवालय तीर्थाच्या पायऱ्या आपण उतरला असाल, तर ही कल्पना आपल्याला नवी वाटणार नाही. मात्र या कुंडातून दगड बाहेर फेकले गेल्यासारखे मांडले आहेत. विश्व सतत पसरत आहे, हे त्यांनी सांगावे म्हणून. तिथे आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन आणि आइन्स्टाइन यांचे पुतळे आहेत.

याच संस्थेत फूकोचा लंबकही आहे. उंचावरून टांगलेले हे वजन झोके घेत असते आणि त्याच्या झोक्याची दिशा हळूहळू सरकत जाते. कारण खालची पृथ्वी फिरते आहे. पुण्याच्या अक्षांशावर एक पूर्ण फेरा व्हायला सुमारे ७५ तास लागतात. फूकोने हा प्रयोग १८५१ साली पॅरिसला करून दाखवला होता. आर्यभटाने जे बुद्धीने जाणले, ते इथे शाळकरी पोराला डोळ्यांनी पाहता येते.

शास्त्र आले की चित्र मरते, असे काही जण म्हणतात. वेरूळपासून पुण्यापर्यंत आलो, आपल्याला तसे दिसले का?

गुरुजी आणि बाई, आपल्याला एक विनंती. पुढच्या सहलीत पंचविसावे लेणे चुकवू नका. परत आल्यावर मुलांना सूर्य काढायला सांगा. कोणी घोडे काढले तर ते खोडू नका. दुसऱ्या दिवशी मात्र अंगणात एक काठी रोवा, तिची सावली तासातासाला खुणांनी नोंदवा आणि मुलांना विचारा: हलले कोण, सूर्य की आपण? मग पुन्हा एकदा सूर्य काढायला सांगा. दोन्ही चित्रे भिंतीवर शेजारी शेजारी लावा.