कार्थेजच्या तुरुंगातली पर्पेतुआ

इ.स. 203. कार्थेज, म्हणजे आजच्या ट्यूनिसच्या शेजारचं रोमन शहर. सम्राट सेप्टिमिअस सेव्हेरसच्या कारकिर्दीत तिथे काही ख्रिस्ती दीक्षार्थी पकडले गेले. त्यांत होती विबिया पर्पेतुआ. वय सुमारे बावीस, घर खानदानी, शिक्षण चांगलं आणि पदरात तान्हं मूल. तिच्यासोबत फेलिसिटी आणि रेव्होकॅटस हे दोघे गुलाम, शिवाय सॅटर्निनस आणि सेकुंडुलस. त्यांना श्रद्धेचे धडे देणारा सॅटुरस त्या वेळी तिथे नव्हता, पण मागाहून तो आपणहून हजर झाला. मी स्वतः धर्मशिक्षणाचे वर्ग घेते, म्हणून सॅटुरसचं ते येणं मला फार मोठं वाटतं.

दृढीकरणाच्या तयारीला येणारी आमची वसईची मुलं विचारतात, चारचौघांत श्रद्धेबद्दल बोलायचं धैर्य आणायचं कुठून? संत गोन्सालो गार्सिया त्यांच्या परिचयाचा. तो वसईचाच, 1597 मध्ये नागासाकीला क्रुसावर प्राण दिलेला. मी त्यांना आणखी मागे, पर्पेतुआकडे नेते, कारण तुरुंगातले दिवस तिने स्वतः लिहून ठेवले आहेत. ख्रिस्ती स्त्रीच्या हातचं इतकं जुनं लेखन फारच थोडं टिकलं आहे.

त्या लेखनात प्रवचन नाही. कोठडीतला काळोख आहे, कोंडलेल्या माणसांचा उकाडा आहे, शिपायांची दांडगाई आहे आणि भुकेल्या बाळाची काळजी आहे. टर्शिअस आणि पॉम्पोनिअस या दोन डीकनांनी पहारेकऱ्यांना पैसे चारले, तेव्हा कैद्यांना काही तास बऱ्या जागेत बसता आलं. तिथे तिने बाळाला पाजलं.

वडील पुन्हा पुन्हा येत. पहिल्या भेटीत तिने समोरच्या सुरईकडे बोट दाखवून त्यांना विचारलं, हिला दुसरं काही म्हणता येईल का? तशीच मीही जी आहे तीच, ख्रिस्ती. पुढे ते तिच्या हातांचे मुके घेत पायाशी कोसळले. पुष्कळ जण ही हकिकत सांगताना या म्हाताऱ्याला खलनायक करतात. मला ते पटत नाही. प्रांताधिकारी हिलारिआनसने सम्राटांसाठी यज्ञ कर म्हटलं, तेव्हा बाळाला कडेवर घेऊन तेच तिच्यापुढे विनवणी करत उभे होते. तिने नकार दिला आणि आपण ख्रिस्ती आहोत असं सांगितलं. तरीही ते तिला मागे ओढू लागले, तेव्हा हिलारिआनसच्या हुकमावरून त्यांना छडी मारली गेली. तो मार आपल्यालाच बसला असं तिने लिहिलं आहे. बापाची माया जराही कमी न लेखता ती ठाम राहिली, आणि तिचं धैर्य मला तिथे सर्वांत स्पष्ट दिसतं.

सेकुंडुलस तुरुंगातच वारला. फेलिसिटीला आठवा महिना होता. गरोदर बाईला मृत्युदंड देत नसत, त्यामुळे सोबत्यांपासून मागे राहण्याची तिला धास्ती होती. सगळ्यांनी मिळून प्रार्थना केली आणि ती कोठडीतच बाळंत झाली. तिची मुलगी एका ख्रिस्ती बाईने वाढवली.

7 मार्चला, राजपुत्र गेटाच्या वाढदिवसाच्या खेळांत, त्यांना मैदानात नेलं. पुरुषांना सॅटर्न देवाच्या पुजाऱ्यांची आणि बायकांना सेरेस देवीच्या पुजारिणींची वस्त्रं घालायला लावत होते. पर्पेतुआने तिथेही नकार दिला, आणि अधिकाऱ्याला तो मानावा लागला. पुरुषांवर हिंस्र जनावरं सोडली, या दोघींवर माजलेली गाय. पर्पेतुआने पडलेल्या फेलिसिटीला हात देऊन उभं केलं.

मुलांना मात्र मी पुडेन्सबद्दल आधी सांगते. तो त्या तुरुंगाचा अधिकारी. या माणसांत काही वेगळी शक्ती आहे असं त्याला वाटू लागलं, म्हणून तो भेटायला येणाऱ्यांना आत सोडू लागला. शेवटच्या रात्रीचं जेवण कैद्यांनी प्रीतिभोजन म्हणून घेतलं आणि बघायला जमलेल्या लोकांशी ते मोकळेपणी बोलले. त्यांतल्या पुष्कळांनी विश्वास ठेवला. पुडेन्सने तर तोवर ठेवलाच होता. त्याला कुणी खास धडे दिल्याचं या हकिकतीत कुठेही नाही. बाळंतीण फेलिसिटी, ठाम राहिलेली पर्पेतुआ आणि आपणहून आलेला सॅटुरस यांना मात्र तो रोज पाहत होता.