'मला जमेल' हा विश्वास येतो कुठून?

'आधी आत्मविश्वास आणा, मग काम जमेल,' असं आपल्याला नेहमी सांगितलं जातं. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बंडुरा यांच्या संशोधनानुसार हा क्रम अनेकदा उलटा असतो.

बंडुरा यांनी सापांची तीव्र भीती असलेल्या लोकांवर प्रयोग केले. आधी दुसऱ्याला साप हाताळताना पाहायचं, मग त्याच्या मदतीनं एकेक पायरी पुढे जायचं. अशा प्रकारे अनेकांनी स्वतः साप हाताळला आणि त्यांची भीती ओसरली.

१९७७ मध्ये त्यांनी 'मला हे जमेल' या विश्वासाचे चार स्रोत मांडले:

१. स्वतः मिळवलेलं यश (सर्वांत प्रभावी)
२. आपल्यासारख्या माणसाचं पाहिलेलं यश
३. इतरांचं प्रोत्साहन
४. त्या वेळची शरीराची आणि मनाची अवस्था

म्हणजे चारचौघांत बोलायची भीती वाटत असेल, तर थेट भाषण करू नका. पुढच्या बैठकीत फक्त एक प्रश्न विचारा.

पण मुळात हे ध्येय तुमचंच आहे का? हा प्रश्न मानवतावादी मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांच्या विचारांतून पुढे येतो. 'पहिला नंबर आला तरच शाबासकी' अशा अटींवर प्रेम मिळालं, की माणूस स्वतःलाही त्याच अटींवर तोलू लागतो. मग 'मी जसा आहे' आणि 'मी जसा असायला हवा' यांतली दरी वाढते. रॉजर्स यांच्या मते, स्वतःला स्वीकारणं म्हणजे हार मानणं नव्हे. बदल तिथूनच सुरू होतो.

म्हणून आधी ध्येय तपासा, मग पहिली पायरी इतकी लहान ठेवा की ती आजच चढता येईल.