पोटरी

सहा दिवस आधी. मंगळवार, १७ जून २०२५, सकाळ

घात कधी झाला असं विचारलं तर सगळे एकच आकडा सांगतील : पहिला क्वार्टर, घड्याळात ४ मिनिटं ५५ सेकंद बाकी. माझं म्हणणं, घात सहा दिवस आधीच झाला होता. ओक्लाहोमा सिटीत एनबीए या अमेरिकन बास्केटबॉल लीगच्या अंतिम मालिकेतला पाचवा सामना चालू होता. तिकडे सोमवारची रात्र, इकडे इस्लामपुरात मंगळवार उजाडलेला. इंडियाना पेसर्सचा टायरीज हॅलिबर्टन पहिल्याच क्वार्टरमध्ये उजवी पोटरी दुखावून आत गेला, पाय गुंडाळून परत आला आणि खेळत राहिला. सबंध सामन्यात त्याचे चार गुण, तेही सगळे फ्री थ्रोवर. बाकीचे सहाच्या सहा प्रयत्न वाया. पेसर्स १२०-१०९ असे हरले आणि मालिका ३-२ अशी ओक्लाहोमा सिटी थंडरकडे झुकली.

हा तोच हॅलिबर्टन. पहिल्या सामन्यात ०.३ सेकंद उरले असताना याने चेंडू जाळीत टाकला आणि १११-११० अशी मॅच काढली. त्या दिवशी पेसर्स पुढे होते ते फक्त त्या ०.३ सेकंदांपुरते.

एमआरआयमध्ये पोटरीचा स्नायू ताणलेला निघाला. चालता येत असेल तर मी खेळणार, असं त्याने सांगून टाकलं. आमच्या वाळवा तालुक्यात हे कुणाला नवं वाटणार? हा कबड्डीचा मुलूख. कासेगावचा काशिलिंग आडके प्रो कबड्डीत दिल्लीकडून चढाया करताना टीव्हीवर दिसला, तेव्हापासून तर गुडघ्याला क्रेप बँडेज गुंडाळून मैदानात उतरणं हे पोरांना दागिन्यासारखं वाटतं. दुखतंय म्हणून बाहेर बसलेल्याला आपल्याकडे कुणी शहाणा म्हणत नाही.

तीन दिवस आधी. शुक्रवार, २० जून

सहावा सामना इंडियानापोलिसमध्ये, घरच्या मैदानावर. हॅलिबर्टन २३ मिनिटं खेळला, १४ गुण केले. पेसर्स १०८-९१ असे सहज जिंकले. ३-३.

सगळे निवांत झाले. मीही. खरं तर मला २०१९ आठवायला हवं होतं. गोल्डन स्टेट वॉरियर्सच्या केव्हिन ड्युरँटची अशीच पोटरी ताणलेली होती. महिनाभर बाहेर बसून तो अंतिम मालिकेच्या पाचव्या सामन्यात उतरला, १२ मिनिटांत ११ गुण केले आणि टाचेमागची शीर तुटून बाहेर गेला.

पोटरीचे दोन मोठे स्नायू खाली उतरता उतरता एका जाड दोरात मिसळतात आणि तो दोर टाचेच्या हाडाला जाऊन चिकटतो. डॉक्टर त्याला ॲकिलीस म्हणतात, जुनी माणसं घोडशीर. शरीरातला सगळ्यात जाड, सगळ्यात दणकट दोर. पोटरी दुखावली म्हणजे तो तुटेलच असं कुणी म्हणणार नाही. पण एका टोकाला दुखापत असताना दुसऱ्या टोकावर सगळा भार टाकून उडी मारायची, हा जुगार आहे. खेळाडू तो डोळे उघडे ठेवून खेळतो आणि आपण टाळ्या वाजवतो.

२०२५ मध्येही, या मालिकेच्या आधीच्या महिना-दोन महिन्यांत, ही शीर दोघांची तुटली होती. २७ एप्रिलला मिलवॉकीच्या डेमियन लिलार्डची, पेसर्सविरुद्धच खेळताना. १२ मेला बोस्टनच्या जेसन टेटमची. दोघांच्या पाठीवर ० नंबर. हॅलिबर्टनच्याही. मी असल्या गोष्टी मानत नाही, पण आमच्या आईच्या कानावर हे गेलं असतं तर तिने आधी नंबर बदलायला लावला असता.

एक तास आधी. सोमवार, २३ जून, पहाटे ४:५०

सातवा सामना. ओक्लाहोमा सिटीत रविवार संध्याकाळचे ७, आपले पहाटेचे ५:३०. हवा पावसाळी, लाइट गेलेली. मोबाइल रात्रीच पूर्ण चार्ज करून ठेवला होता. शेजारचं नववीतलं पोरगं दार न वाजवता आत आलं. शाळेच्या टीममध्ये खेळतं, घरचे झोपलेले, डेटा माझा. चहा मात्र त्याने टाकला.

मी त्याला सांगितलं, अंतिम मालिकेत सातवा सामना आजवर १९ वेळा झाला, त्यात १५ वेळा घरचा संघ जिंकलाय. आणि थंडर म्हणजे त्या सीझनला ६८ मॅच जिंकलेला संघ. पेसर्सच्या ५०.

"म्हंजे चारदा पावणं जिंकल्यात की," तो म्हणाला.

त्या वयात हिशोब असाच करावा.

५:४०

चेंडू उडाला. हॅलिबर्टनने थ्री पॉइंटर मारला. मग दुसरा. मग तिसरा, रिंगपासून चांगला लांबून. चालण्यात लंगडेपणा नाही, चेहऱ्यावर काही नाही. पहिल्या सात मिनिटांत त्याचे नऊ गुण. पोरगं खाटेवर उभं राहिलं. "काका, पोटरी बरी झाली त्येची!"

मलाही तसंच वाटलं, हे कबूल करतो.

सहाच्या आत-बाहेर

हे मी नंतर पाच-सहा वेळा परत परत बघितलं. थ्री पॉइंटच्या रेषेजवळ त्याच्या हातात चेंडू. समोर एक बचावपटू, अंगाला अंग लागलेलं नाही. उजवा पाय मागे टेकवला, त्याच पायावर जोर देऊन पुढे मुसंडी मारायची. पाऊल टेकलं, टाच खाली गेली, गुडघा सरळ व्हायला लागला, आणि पोटरीतून एक हिसका वर सरकलेला कपड्याबाहेरही दिसतो. धक्का नाही, पाडापाडी नाही. चेंडू हातातून सुटला. तो पुढे कोसळला आणि उताणा न होता तसाच पडून तळहाताने लाकडी कोर्ट बडवायला लागला.

घड्याळात ४:५५.

"उठंना की काका त्यो."

"थांब जरा."

तो उठला नाही. डोक्यावर टॉवेल टाकून, उजवा पाय न टेकवता त्याला आत नेलं.

असं कोर्ट बडवणारा माणूस मी एकदा जवळून बघितलाय. आमची कॉलेजची टीम, झोनल स्पर्धा, सिमेंटचं कोर्ट, त्यावर बारीक खडी. आमच्यात दोन्ही हातांनी ड्रिबल करणारा एकच. बाकी आम्ही उजव्या हाताचे, डावीकडे वळलो की चेंडू पायावर. मॅचच्या आदल्या दिवशी त्याचा घोटा मुरगळला होता. आम्हीच म्हणालो, खेळ, अर्धा तास तर आहे. दहाव्या मिनिटाला तो बसला तो बसलाच. त्यानंतर जे झालं ते लोकांना वाटतं तसं नव्हतं. बास्केट आम्ही टाकत होतो. आम्हाला जमेना ते चेंडू अर्ध्या रेषेपलीकडे न्यायला. समोरच्यांना हे दोन मिनिटांत कळलं. दोघं दोघं येऊन चेंडू हिसकायचे आणि आम्ही मागे पळायचो. हरलो किती फरकाने ते आठवत नाही, धाप आठवते. आणि त्या मित्राला खेळ म्हणणाऱ्यांत माझा आवाज सगळ्यात मोठा होता, हेही.

६:४०, हाफ टाइम

तरी पेसर्स पुढे. ४८-४७.

हे कसं झालं याचं उत्तर प्रशिक्षक रिक कार्लाइलच्या पद्धतीत आहे. त्याने वर्षभर नऊ-दहा जण आलटून पालटून खेळवले होते, त्यामुळे बाकावरचा माणूस थंड नव्हता. बेनेडिक्ट मॅथुरिन बाकावरून उठला आणि थेट रिंगखाली घुसायला लागला. टी. जे. मॅकॉनेल आला. उंची सहा फुटांच्या जेमतेम वर, २०१५ च्या ड्राफ्टमध्ये एकाही संघाने न निवडलेला. पास्कल सियाकम होताच.

मधेच टीव्हीवाल्यांनी सांगितलं की हॅलिबर्टनच्या वडिलांच्या म्हणण्यानुसार दुखापत ॲकिलीसची आहे. पोरगं म्हणालं, "पर आपुन फुडं हाय न्हवं?" आपण पुढे होतो. घोडा पडला तरी गाडी चालतेय असं वाटण्याचा हा वेळ फार गोड असतो. लाइटही तेवढ्यात आली.

७:००, तिसरा क्वार्टर

५६-५६ बरोबरी झाली आणि मग चार-पाच चालींत खेळ फिरला. शाय गिलजस-अलेक्झांडर, जेलन विल्यम्स आणि चेट होल्मग्रेन या तिघांनी तीन थ्री पॉइंटर मारले. नऊचा फरक.

पण मी बास्केटकडे बघत नव्हतो, हातांकडे बघत होतो. हॅलिबर्टनची खरी किंमत त्याच्या गुणांत नाही. त्या सीझनला दर सामन्यात त्याचे ९.२ असिस्ट होते आणि टर्नओव्हर फक्त १.६. म्हणजे चेंडू सतत त्याच्या हातात, धोक्याचे पास तोच देणार, आणि गमावणार जवळजवळ नाहीच. ही राखणदारी अशी आहे की ती असताना दिसत नाही. आता तो नव्हता आणि समोर थंडर, त्या वर्षीचा सगळ्यात चिवट बचाव. ॲलेक्स करूसो, लू डॉर्ट यांचे हात पासच्या वाटेवर आधीच पोचलेले. पेसर्सचा पास, मधे हात, चेंडू उलट दिशेने. परत पास, परत हात. सबंध सामन्यात पेसर्सनी वीसहून जास्त वेळा चेंडू गमावला. मला आमचं खडीचं कोर्ट दिसत होतं.

एकटा मॅकॉनेल भिडला. या क्वार्टरमध्ये पेसर्सचे एकूण २० गुण झाले, त्यातले १२ त्याचे. काय खेळला! तिकडे थंडरचे ३४ झाले. ८१-६८.

पोरगं खाटेवरून उतरून खाली भिंतीला टेकून बसलं होतं.

७:३५ ते ८:१०

चौथ्या क्वार्टरच्या सुरुवातीलाच ९०-६८. इथे मॅच संपली. पेसर्सनी शेवटी शेवटी फरक दहापर्यंत आणला, पण तो त्यांच्या स्वभावामुळे. १०३-९१. गिलजस-अलेक्झांडर २९ गुण, १२ असिस्ट, मालिकेचा सर्वोत्तम खेळाडूही तोच. सिॲटल सोडून २००८ मध्ये ओक्लाहोमाला आल्यावरचं थंडरचं हे पहिलं विजेतेपद. पेसर्सकडून मॅथुरिनचे २४ गुण आणि १३ रिबाउंड. हरलेल्या बाजूचे आकडे दुसऱ्या दिवशी कोण वाचतं?

आत जाणाऱ्या बोळात हॅलिबर्टन कुबड्यांवर उभा होता. येणाऱ्या प्रत्येक सहकाऱ्याला भेटत होता.

"शाळा हाय," म्हणून पोरगं उठलं. दारात थांबून म्हणालं, "काका, पुढच्या सीझनला येईल काय त्यो?"

"बघू."

नंतर

सोमवारीच न्यूयॉर्कमध्ये शस्त्रक्रिया झाली. परत तसा प्रसंग आला तरी खेळेन, अशा अर्थाचं त्याने स्वतःच लिहिलं. ७ जुलैला पेसर्सनी जाहीर केलं, २०२५-२६ चा सबंध सीझन तो खेळणार नाही. त्याच महिन्यात त्यांचा सेंटर माइल्स टर्नर मिलवॉकीला गेला. त्याला घ्यायला पैशाची जागा हवी होती म्हणून मिलवॉकीने ज्याला मोकळं केलं, तो डेमियन लिलार्ड. पेसर्सविरुद्धच शीर तुटलेला. एका शिरेचं देणं दुसऱ्या दारातून वसूल झालं, असं माझ्या मनात आलं; पोराला मात्र ते समजावून सांगता आलं नाही.

 

पेसर्सचा नवा सीझन सुरू झाला तो भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी, २४ ऑक्टोबरला पहाटे. पहिलाच सामना परत थंडरशी. पोरगं चिवड्याचा डबा घेऊन आलं. घोटा सुजलेला, क्रेप बँडेज गुंडाळलेलं. शनिवारी शाळेची मॅच होती. मी बँडेजकडे बघितलं, त्याने पाय खाटेखाली घेतला.

पेसर्स दोन ओव्हरटाइमपर्यंत लढले. गिलजस-अलेक्झांडरने एकट्याने ५५ गुण केले. १४१-१३५. डबा पहिल्या ओव्हरटाइमलाच संपला होता.

"शनवारी खेळू नगंस," मी म्हणालो.

"सरास्नी सांगितलंय काका, खेळतो म्हणून."